सुपरकॉम्प्युटरची खरी परीक्षा: रात्री तीनच्या जालना रोडवर गाडी पळवून काय कळणार?

हे आपल्या ताज्या भागाचं लेखी रूप. बसमध्ये आहात आणि इअरफोन घरी राहिलाय, तर वाचत वाचत चला.

आधी मनातल्या मनात एक प्रयोग करू. रात्रीचे तीन वाजलेत. बाबा पेट्रोल पंपापासून तुम्ही बाइक काढली आणि जालना रोडने थेट चिकलठाण्याला पोचलात. रस्ता मोकळा, सिग्नलला कुणी नाही. किती मिनिटं लागली ते मोजलंत. आता हाच आकडा संध्याकाळी साडेसहाला निघणाऱ्या माणसाला सांगा. तो म्हणेल, "भाऊ, कोणत्या गावचा रस्ता सांगतोयस?" तुमचा आकडा खोटा नाही. पण त्याच्या कामाचा नाही.

सुपरकॉम्प्युटरच्या फाइल सिस्टीमचा वेग मोजताना नेमकी हीच गफलत होऊ शकते. आणि ती आपल्याला, म्हणजे मराठवाड्याला, महागात पडू शकते. कशी, ते बघू.

पुण्यातलं मशीन, आपल्याकडची पेरणी

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्था आहे, म्हणजे आयआयटीएम. तिथे 2018 मध्ये 'प्रत्युष' हा सुपरकॉम्प्युटर आला आणि सप्टेंबर 2024 मध्ये 'अर्का'. अर्काची ताकद 11.77 पेटाफ्लॉप्स. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. साठवण 33 पेटाबाइट. 128 जीबीचे अडीच लाखांहून जास्त फोन भरतील एवढी! अर्का आणि नोएडाचा त्याचा जोडीदार 'अरुणिका' मिळून खर्च 850 कोटी रुपये. तुमच्या-माझ्या करातले पैसे.

मे 2025 मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. आधी अंदाजाचा चौकोन साधारण 12 किलोमीटरचा होता, तो आता 6 चा झाला. ऐकायला निम्मं वाटतं ना? पण बाजू निम्मी केली की तेवढ्याच जमिनीवर चौकोन चौपट होतात. म्हणजे तीच माहिती लिहून ठेवायची तर फाइलही चौपट.

आता शेतकऱ्याच्या बाजूने बघा. कपाशी, सोयाबीन पेरायचं की चार दिवस थांबायचं? चुकलं तर दुबार पेरणी. एक गोष्ट स्पष्ट सांगतो, अंदाज बरोबर की चूक हे फाइल सिस्टीम ठरवत नाही. पण तो वेळेवर हातात येतो का, हे ठरण्यात तिचा मोठा हात असतो. उद्याचा अंदाज परवा मिळून काय करायचं?

फाइल सिस्टीम मध्ये येते कुठून?

हवामानाचं मॉडेल हजारो प्रोसेसरवर एकाच वेळी चालतं. पुढच्या काही तासांचं गणित झालं की ते निकाल डिस्कवर लिहितं, मग पुढे जातं. साध्या पद्धतीत, लिहून होईपर्यंत सगळे प्रोसेसर हातावर हात ठेवून बसतात. पंगतीसारखं आहे हे. शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

एवढं लिखाण एका डिस्कला झेपत नाही. म्हणून समांतर फाइल सिस्टीम. यात एका फाइलचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरवर एकदम लिहितात. 'लस्टर' हे त्यातलं गाजलेलं नाव. फाइलचं नाव काय, तिचे तुकडे कुठे आहेत, याची नोंद वेगळा सर्व्हर ठेवतो. त्या नोंदीला म्हणतात मेटाडेटा.

ही नोंद किती वेळ खाते ते तुमच्या फोनवरच बघा. दोन जीबीचा एक पिक्चर पेनड्राइव्हवर टाका. मग तेवढ्याच वजनाचे दहा हजार 'गुड मॉर्निंग' फोटो टाका. वजन तेच, पण फोटोंना जास्त वेळ लागतो. का? प्रत्येक फोटोची वेगळी नोंद करावी लागते.

एका आकड्याचा घोटाळा

सुपरकॉम्प्युटरची 'टॉप 500' यादी 1993 पासून निघते. तिचा क्रमांक गणिताच्या वेगावर ठरतो. साठवणीसाठी 2017 पासून 'आयओ 500' ही वेगळी यादी आली. तिची एक गोष्ट मला आवडते. ती सोपी आणि अवघड अशा दोन्ही परीक्षा घेते. सोप्या परीक्षेत प्रत्येक प्रोसेस आपापल्या फाइलमध्ये लिहिते. अवघडमध्ये सगळे मिळून एकाच फाइलमध्ये लिहितात, तेही 47,008 बाइटच्या अडनिड्या तुकड्यांत. शिवाय एकाच फोल्डरमध्ये 3,901 बाइटच्या बारक्या फाइलींचा ढीग.

पण शेवटी गुण एकच. डेटाचा वेग आणि मेटाडेटाचा वेग यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढतात. आता सोयीसाठी आकडे धरू. पहिल्या मशीनचा डेटा 100, मेटाडेटा 1. वर्गमूळ 10. दुसऱ्याचा डेटा 10, मेटाडेटा 10. वर्गमूळ पुन्हा 10! मोठ्या फाइली लिहिणाऱ्याला पहिलं मशीन सोनं, लाखो बारक्या फाइलीवाल्याला तेच डोकेदुखी. गुण मात्र सारखे.

म्हणून आधी विचारायचं: *आपलं काम कसं आहे?*

मग चांगली परीक्षा कशी आखायची?

एक, आधी नोंद, मग परीक्षा. 'डार्शन' नावाचं साधन प्रोग्राम चालू असताना किती फाइली उघडल्या, किती वेळा आणि केवढ्या तुकड्यांत वाचलं-लिहिलं याचा हिशोब ठेवतं. बरेच दिवस असा हिशोब गोळा करा. त्यात जे दिसेल, त्याच प्रमाणात परीक्षा आखा.

दोन, मेमरीला फसू नका. आत्ताच लिहिलेली फाइल लगेच वाचली तर ती डिस्कऐवजी मेमरीतून येते आणि वेग अफाट दिसतो. म्हणून डेटा मेमरीपेक्षा बराच मोठा घ्या, आणि एका मशीनने लिहिलेलं दुसऱ्याला वाचायला लावा.

तीन, गर्दीत मोजा. सुपरकॉम्प्युटरवर एकटं कुणीच नसतं. इकडे मॉडेल लिहितंय, तिकडे कुणी जुना डेटा वाचतंय, तिसऱ्याने लाखभर फाइली उघडल्यात. ही कामं एकत्र चालवून मोजा. हाच आपला साडेसहाचा जालना रोड.

चार, नव्या कोऱ्या डिस्कवर भुलू नका. फोन भरत आला की कसा रडतो, ठाऊक आहे ना? इथेही डिस्क बऱ्यापैकी भरून मग मोजा.

पाच, सरासरीवर थांबू नका. तीच परीक्षा अनेकदा घ्या आणि सगळ्यात वाईट वेळ लिहा. नऊ वेळा वेळेवर आणि दहाव्यांदा तासभर उशीर, तर त्या दहाव्या दिवशीच पाऊस असू शकतो.

आणि शेवटी, खरं काम. छोट्या परीक्षा दुखणं कुठे आहे ते सांगतात. पण निर्णयाचा आकडा एकच: मॉडेल सुरू झाल्यापासून अंदाज तयार होईपर्यंत घड्याळात किती वेळ गेला.

याचा आपल्याला काय उपयोग?

तुमच्यातले कुणी इंजिनिअरिंगला असतील, उद्या कुठल्या तरी संस्थेत सर्व्हर घ्यायच्या बैठकीत बसतील. विकणारा म्हणेल, "सेकंदाला इतके जीबी!" तेव्हा शांतपणे विचारायचं, "किती जणांच्या गर्दीत? किती भरलेल्या डिस्कवर? आणि आमच्यासारख्या कामावर का?" या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील, तर तो आकडा रात्री तीनचा आहे.

आणि हो, ही सवय फोन घेतानाही कामी येते. बॉक्सवरचा स्कोअर बघण्याआधी स्वतःला विचारा, मी दिवसभर नेमकं करतो काय?

भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी सावकाश चालवा. जालना रोड रिकामा दिसला तरी!