छापावे की भरावे?

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या महाविद्यालयात दोन गोष्टींची साथ येते : सर्दीची आणि टी-शर्टांची. स्नेहसंमेलन, क्रीडामहोत्सव, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर. प्रत्येकाचा सदरा निराळा. त्यावरचे शुद्धलेखन तपासायला मराठीचा प्राध्यापक हवाच! त्या निमित्ताने कित्येक वर्षे मी छपाईवाल्यांच्या पायऱ्या झिजवीत आहे.

मुले दुकानात शिरताच भाव विचारतात. मी आधी विचारतो, नग किती आणि कापड कोणते?

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची जाळी वेगळी करावी लागते. तिचा खर्च एका सदऱ्याला जेवढा, तेवढाच दोनशेंना. म्हणून एकरंगी चिन्ह आणि शे-दोनशे नग असले की हीच छपाई स्वस्त पडते. मात्र शाई नीट भाजली पाहिजे. नेहमीच्या रबरी शाईला सुमारे १६० अंश सेल्सिअस उष्णता लागते. कच्ची राहिली तर चार धुण्यांत तडकते.

बारा खेळाडूंच्या पाठीवर बारा नावे हवी असली, तर जाळ्या कुठल्या परवडायला? तेथे डीटीएफ बरे. चित्र फिल्मवर छापतात, गोंदाची पूड वितळवतात आणि तापल्या दाबाखाली ते कापडावर उतरवतात. रंग हवे तितके, कापडही कोणतेही. पण छातीभर चित्र काढले, की तेवढ्या जागेतून वारा जात नाही. सब्लिमेशनचा रंग वाफ होऊन धाग्यात मुरतो, हाताला लागतसुद्धा नाही. परंतु त्याला पॉलिएस्टरच हवे, तेही फिकट रंगाचे.

भरतकामाचा रुबाब काही औरच! दर टाक्यांवर ठरतो. आधी नक्षी संगणकावर टाक्यांत उतरवतात, त्याला कारागीर ‘पंचिंग’ म्हणतात. खरी पंचाईत आपल्या देवनागरीची. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. अक्षर अर्ध्या सेंटिमीटरचे केले, की ‘श्री’च्या पोटातली जागा दोऱ्याने बुजते नि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. त्यात संस्थेचे ब्रीद संस्कृत असले तर विचारूच नका! खिशावर चिन्ह आणि एखादा ठळक शब्द भरावा, ब्रीद खुशाल गाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या प्राचार्यांना ते अजून पटलेले नाही. पातळ टी-शर्टावर भरीव काम करूच नये, कापड आवळून सुरकुतते. जाड, कॉलरच्या सदऱ्यावर मात्र ते शोभते.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी म्हणेल. शिबिर सात दिवसांचे असते; सदरा मात्र काही मुले पुढे दोन-दोन वर्षे वर्गात घालून येतात. त्याचे तीनशे रुपये कोणाच्या खाणावळीच्या पैशांतून आलेले असतात, हे हजेरी घेताना मला दिसते. म्हणून एक नमुना मी आधी घरी नेतो. पाच वेळा धुवायचा, वाळवायचा, छाप दोन्ही हातांनी ताणून पाहायचा. तडा गेला नाही, तरच बाकीच्या सदऱ्यांची आगाऊ रक्कम द्यायची. छपाईवाला कुरकुरतो, आणि आमच्या न्हाणीघरात आठवडाभर तोच एक सदरा लोंबत असतो.