मांजराचें धन्यावर प्रेम असतें काय ?

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचें, अशी समजूत आपल्या समाजांत बरेच दिवस रूढ आहे. बिऱ्हाड हललें म्हणजे कुत्रा धन्याच्या गाडीमागें धांवत सुटतो, मांजर मात्र नव्या जागेंतून निसटून जुन्या घराच्या ओट्यावर येऊन बसतें. एवढ्यावरून मांजर हें आपमतलबी व कृतघ्न जनावर होय, असा निकाल देऊन आपण मोकळे होतों. उलटपक्षीं, ज्यांच्या घरीं मांजर आहे तीं मुलें हा निकाल कधींच मान्य करीत नाहींत. आमची मनी आम्हांला ओळखते, आमची वाट पाहते, आमच्यावर तिची माया आहे, असें तीं आग्रहानें सांगतात. या दोन पक्षांपैकीं खरा पक्ष कोणता, याचा विचार या लेखांत करावा असें आम्हीं योजिलें आहे.

विषय वरवर पाहतां पोरखेळाचा वाटेल. पण तसा तो नाहीं. मांजराला मायाच नाहीं असें एकदां मनानें घेतलें, म्हणजे घर सोडून जातांना त्याला मागें टाकण्यांत कांहींच वावगें वाटेनासें होतें. घरांत पिलें फार झालीं कीं तीं पोत्यांत घालून दूरच्या बाजारांत सोडून येण्यासही मन कचरत नाहीं. त्याला काय, जेथें उंदीर मिळेल तेथें तें राहील, असें म्हणून आपण आपलें समाधान करून घेतों. तेव्हां या प्रश्नाच्या उत्तरावर एका मुक्या जिवाचें सुखदुःख अवलंबून आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

मांजराच्या मनांत काय आहे, हें त्याला विचारून कळण्याजोगें नाहीं. त्याच्या वागणुकीवरूनच आपणांस अनुमान बांधलें पाहिजे, आणि अनुमान बांधतांना चूक दोन बाजूंनीं होऊं शकते. चार्ल्स डार्विन यानें १८७२ सालीं माणसांच्या व जनावरांच्या भावदर्शनाविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत धन्याच्या पायाला अंग घासणाऱ्या मांजराचें वर्णन आहे. शेपटी ताठ उभी, पाठ किंचित् उचललेली, कान टवकारलेले. चवताळलेल्या मांजराच्या अगदीं उलट अशी ही ठेवण असून ती मायेची खूण होय, असें डार्विननें मानिलें. पुढें १८९४ सालीं लॉइड मॉर्गन या ब्रिटिश पंडितानें एक नियम घालून दिला. जनावराच्या एखाद्या कृतीचा उलगडा साध्या मनोव्यापारानें होत असेल, तर तिच्या मुळाशीं उच्च मनोव्यापार कल्पूं नये, असा त्याचा आशय आहे. जनावराला माणसाचें मन चिकटविणें ही एक चूक. पण त्याला मनच नाहीं असें धरून चालणें हीही दुसरी चूकच होय. या दोहोंमधून वाट काढावयाची आहे.

मांजराचा स्वभाव समजण्यास त्याचें कूळ पाहावें लागतें. घरगुती मांजराचा मूळ पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया या भागांतील रानमांजर होय, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून ठरलें. माणूस शेती करूं लागला, धान्याचीं कोठारें भरलीं, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग मांजर आलें. सायप्रस बेटांत सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका माणसाच्या थडग्याजवळच मांजराचा सबंध सांगाडा पुरलेला सांपडला. हा शोध २००४ सालीं जाहीर झाला. त्या बेटांत मांजरें मूळचीं नव्हतींच. म्हणजे कोणी तरी माणसानें तें नावेंतून नेलें असलें पाहिजे. आपल्या मांजराचा व माणसाचा शेजार इतका जुना आहे.

परंतु कुत्र्याची गोष्ट निराळी. त्याचे पूर्वज लांडगे. ते कळपानें राहणारे व मिळून शिकार करणारे. म्हणून कुत्र्याची माया आपल्याला सहज ओळखूं येते. रानमांजर एकटें राहतें व एकटेंच शिकार करतें. लहानशा भक्ष्यावर एकाचेंच पोट भरतें, तेथें कळपाचा उपयोग तो काय ? अशा एकाकी कुळांतील जनावराची माया मोजतांना कुत्र्याची फूटपट्टी लावणें हा सरळसरळ अन्याय होय.

मग मांजराची स्वतःची भाषा कोणती ? शेपटी उभी करून सामोरें येणें ही तिच्यांतील पहिली खूण. रानमांजरांत ती मुख्यतः पिलूं आपल्या आईला करतें. घरच्या मांजरांत ती मोठेपणींही टिकून राहिली आहे आणि ती आपल्यालाही केली जाते. मांजराच्या गालांत व कपाळाच्या बाजूंस गंध सोडणाऱ्या ग्रंथि असतात. पायाला डोकें घासून तें आपला गंध आपल्या अंगाला लावतें; स्नेह असलेलीं मांजरें एकमेकांनाही असेंच करतात. मांडीवर बसून पुढचे पंजे आळीपाळीनें दाबणें ही तर दूध पितांनाची बाळपणची संवय होय. डोळे सावकाश मिटणें व अर्धवट उघडणें हीही एक खूण आहे. इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२० सालीं असें दाखविलें कीं, माणसानें मांजराकडे पाहून हळूं डोळे मिटले तर मांजरही तसेंच करतें, आणि अनोळखी माणसानें असें केल्यास त्याच्याजवळ जाण्यास तें अधिक राजी होतें. हा प्रयोग मुलांनीं घरींही करून पाहण्यासारखा आहे. त्याला पैसा लागत नाहीं, धीर मात्र लागतो.

घुरघुरण्याविषयीं मात्र जपून बोललें पाहिजे. तो नेहमींच आनंदाचा आवाज नव्हे. दुखापत झालेलें मांजरही घुरघुरतें. त्याच ससेक्स विद्यापीठांतील २००९ सालच्या एका अभ्यासांत तर असें आढळलें कीं, खावयास मागतांना मांजर आपल्या घुरघुरण्यांत एक बारीक, रडण्यासारखा स्वर मिसळतें आणि माणसाला तो अधिक निकडीचा वाटतो.

येथें शंकेखोर वाचक म्हणेल, "हें सगळें दुधासाठीं आणि मासळीच्या तुकड्यासाठीं !" शंका रास्त आहे, आणि तिची परीक्षाही झाली आहे. जपानांतील दोन संशोधकांनीं २० मांजरांना, त्यांना हांक मारणाऱ्या परक्यांचे व धन्याचे आवाज यंत्रावरून ऐकविले. धन्याचा आवाज मांजरांनीं वेगळा ओळखला, असें त्यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. गंमत अशी कीं, मांजरांनीं कान हलविले, मान वळविली, पण बहुतेक जागचीं उठलीं नाहींत ! ओळखणें निराळें आणि हुकमाची तामिली करणें निराळें, हा भेद येथें स्पष्ट होतो. २०१७ सालीं अमेरिकेंतील ऑरेगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनीं मांजरांपुढें खाणें, खेळणें, गंध व माणसाचा सहवास हे चार पर्याय ठेविले. घरचीं व आश्रयगृहांतील दोन्ही प्रकारचीं मांजरें त्यांत होतीं. सुमारें निम्म्या मांजरांनीं माणसाचा सहवासच अधिक पसंत केला. केवळ पोटासाठींच मांजर आपल्याजवळ येतें, हें म्हणणें यापुढें टिकत नाहीं.

याहून महत्त्वाची परीक्षा त्याच विद्यापीठानें २०१९ सालीं प्रसिद्ध केली. मेरी एन्सवर्थ या विदुषीनें लहान मुलांचा आईवरील ओढा पारखण्याची एक रीत पूर्वीं बसविली होती. आई थोडा वेळ निघून जाते व परत येते. परत आल्यावर मूल काय करतें, तें पाहावयाचें. आईला भेटून जें मूल शांत होतें व पुन्हां खेळूं लागतें, त्याचा ओढा भरंवशाचा समजतात. मांजरांसाठीं हीच रीत थोडी सोपी केली. अनोळखी खोलींत दोन मिनिटें धन्याबरोबर, दोन मिनिटें एकटें आणि पुन्हां दोन मिनिटें धन्याबरोबर. ७० पिलांपैकीं शेंकडा ६४ पिलें धनी परत येतांच निर्धास्त झालीं. त्याला भेटून तीं खोली धुंडाळूं लागलीं. ३८ मोठ्या मांजरांतही हें प्रमाण शेंकडा ६६ च्या जवळपास भरलें. माणसांच्या मुलांतही तें साधारण एवढेंच असतें.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ सालीं इंग्लंडांतील लिंकन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनीं २० मांजरांवर अशाच तऱ्हेचा प्रयोग केला होता. धनी निघून जातांना मांजरें अधिक ओरडलीं खरीं. पण मूल जसें आईकडे सुरक्षिततेसाठीं पाहतें, तसें मांजर धन्याकडे पाहतें असें म्हणण्यास पुरेसा आधार त्यांना मिळाला नाहीं. मांजर स्वतःची काळजी स्वतः घेणारें आहे, असा त्यांचा कल पडला. तथापि, संकटांत धन्याचा आधार न शोधणें म्हणजे माया नसणें नव्हे, हेंही त्यांच्या लिखाणांतून वगळलेलें नाहीं. मोठा झालेला मुलगा अंधाराला भिऊन आईला बिलगत नाहीं, म्हणून त्याची आईवरील प्रीति आटली असें कोण म्हणेल ?

एकंदर पुरावा पाहतां आमचा अभिप्राय असा. मांजर धन्याला ओळखतें, त्याच्या सहवासाची गोडी धरतें आणि पुष्कळ मांजरांना परक्या जागीं त्याच्या जवळ असण्यानें धीर येतो. यालाच प्रेम म्हणावयाचें असेल, तर मांजराला प्रेम आहे, असें सांगण्यास हरकत नाहीं. उपकाराची जाणीव, त्याग, कर्तव्यबुद्धि या अर्थाचें प्रेम मात्र त्याच्याकडून अपेक्षूं नये. तें आपण एकमेकांकडूनही फार थोड्या वेळां मिळवितों.

सर्व मांजरें सारखीं नसतात, हेंही येथें सांगणें जरूर आहे. पिलूं दोन ते सात आठवड्यांचें असतां त्याला माणसांचा मायेचा हात लागला तर तें पुढें माणसाळलेलें होतें. त्या दिवसांत हात न लागल्यास तें जन्मभर बुजरें राहण्याचा संभव असतो. म्हणजे ज्या मांजराला आपण निष्ठुर म्हणतों, त्याची निष्ठुरता पुष्कळदां माणसाच्याच हेळसांडीचें फळ असते.

आतां जुन्या घरीं परत जाणाऱ्या मांजराविषयीं. मांजराला आपल्या मुलखाचा, म्हणजे ओळखीच्या गंधांचा व वाटांचा, फार मोठा आधार असतो. नव्या घरांत त्यांपैकीं कांहींच नसतें. म्हणून भांबावून तें जुना मुलूख शोधूं लागतें. तें धन्याला सोडून जात नाहीं, तर ठाऊक असलेल्या जागीं जातें. याला उपाय सोपा आहे. नव्या घरीं दोन-तीन आठवडे त्याला दारें लावून आंतच ठेवावें, त्याचें जुनें पटकूर व वाडगें बरोबर न्यावें, आणि जाणत्या माणसानें त्याच्यापाशीं रोज थोडा वेळ बसावें.

पालकवर्गास आमची विनंति आहे कीं, पिलूं आणतांना तें आठ आठवड्यांचें झाल्याखेरीज आईपासून तोडूं नये, आणि एकदां घरांत घेतलेलें जनावर गैरसोय झाली म्हणून रस्त्यावर सोडूं नये. उपासमारीनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत, सबळ कारणावांचून जनावर टाकून देणें, हा भारतांत १९६० सालच्या कायद्यान्वयें गुन्हाही आहे. पण कायद्याच्या धाकाची वेळ येऊं नये. मांजरीचे दांत तिच्या पिलांना लागत नाहींत, असें आपल्याकडे म्हणतात. जी आई इतक्या जपणुकीनें पिलूं तोंडांत धरून नेते, तिची पिलें आपण पोत्यांत भरतों, हें आपल्या मुलांच्या नजरेस पडतें. आणि मुलें घरीं जें पाहतात तेंच शिकतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचें मांजर हांक मारल्यावर उठून आलें नाहीं तर रागावूं नका. त्याचा कान तुमच्याकडे वळला कीं नाहीं, एवढें पाहा. तो वळला असेल, तर तुमची हांक पोंचली आहे. मग त्याच्या जेवणाची व पाण्याची वेळ चुकवूं नका. एवढें केलें म्हणजे तुमच्याकडून तुमचा भाग पुरा झाला.