वाहनाच्या पत्र्यावरील जुनी पुट्टी आणि तिच्याखालील गंज

लोखंडावरील गंज झाकणे आणि तो काढणे या दोन भिन्न क्रिया होत. परंतु व्यवहारात पहिलीसच दुसरीचे नाव मिळते. वाहनाच्या गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून वर रंग मारला, की काही महिने सारे ठीक दिसते. पुढे रंगाखाली फुगवटा येतो आणि तीच पुट्टी काढून टाकण्याची वेळ येते. हे काम कारागिराचे खरे. तथापि ते नीट व्हावयाचे, तर पुट्टीखाली काय घडले याची उपपत्ती प्रथम लक्षात घ्यावी लागते. भंडारा जिल्ह्यातील साकोली परिसराच्या अनुषंगाने तिचा येथे विचार केला आहे.

साकोली हे नागपूर-रायपूर मार्गावरील तालुक्याचे ठिकाण. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे कोकणातल्याप्रमाणे खाऱ्या हवेचा उपद्रव येथे नाही. असे असूनही पत्रा गंजतो, याचे कारण तो दीर्घकाळ ओला राहतो. वर्षाला सुमारे 1,300 मिलिमीटर पडणारा पाऊस बहुतांशी चार महिन्यांतच पडतो. धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या वाटांवरचा चिखल चाकांवरील कमानींत व दारांच्या उंबऱ्यांत साचतो आणि पाऊस थांबल्यावरही ओल धरून ठेवतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणतः 60 ते 70 टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडाच्या क्षरणाचा वेग एकदम वाढतो. पावसाळ्यात ही मर्यादा कित्येक आठवडे ओलांडलेली असते.

पूर्वी पत्र्यावरील पोचे शिशाच्या मिश्रधातूने भरीत. 1950 च्या दशकापासून त्याची जागा पॉलिएस्टर पुट्टीने घेतली. स्टायरीनमध्ये विरघळविलेले असंतृप्त पॉलिएस्टर आणि शंखजिऱ्याची बारीक पूड हे तिचे मुख्य घटक होत. त्यांत बेंझॉइल पेरॉक्साइडयुक्त हार्डनर अल्प प्रमाणात मिसळला, की रेणूंच्या साखळ्या परस्परांशी जोडल्या जाऊन काही मिनिटांत कठीण पदार्थ तयार होतो. हा पदार्थ पुन्हा वितळत नाही. मात्र तो पूर्णतः जलरोधक नसतो. वरील रंगाला चीर पडली, की पुट्टी हळूहळू ओल शोषून घेते.

पुट्टी आणि पोलाद यांचा सांधा सुटण्याचे एक कारण उष्णता हे आहे. मे महिन्याच्या उन्हात गडद रंगाचा पत्रा 65 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. तापमान 50 अंशांनी वाढले, तर पोलादाची 20 सेंटिमीटर लांबी सुमारे 0.12 मिलिमीटरने वाढते. तेवढीच पुट्टी याहून बरीच अधिक प्रसरण पावू पाहते. हा ताण दररोज येतो व जातो. पुट्टीचा थर जितका जाड, तितका कडेवरील ताण अधिक. म्हणूनच थर सुमारे 3 मिलिमीटरपेक्षा जाड असू नये, असा संकेत आहे.

कड सुटल्यावर पाणी फटीत शिरते. यापुढील क्रिया केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात केलेल्या थेंबाच्या प्रयोगावरून स्पष्ट होते. लोखंडावर ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या थेंबाच्या कडेला प्राणवायू मुबलक असतो, मध्यभागी तो तुटपुंजा असतो. मध्यभाग धनाग्र बनून तेथील लोखंड विरघळते. कड ऋणाग्र बनते. पुट्टीखालील फटीतही हेच घडते. फटीचे तोंड तुलनेने सुरक्षित राहते आणि आतला भाग खाल्ला जातो. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने तो पुट्टीला वर उचलतो व फट आणखी वाढवितो. यास्तव बाहेर दिसणारा फुगवटा हा रोगाचा केवळ एक अंश होय. फुगवट्यापुरतीच पुट्टी काढणे हे अपुरे काम ठरते.

पुट्टीची व्याप्ती ठरविण्यास कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पुरते. ते जेथे सैल धरते, तेथे पुट्टी जाड आहे असे समजावे. बोटाने ठोकले असता बद्द आवाज येणे ही दुसरी खूण. मग 36 किंवा 40 क्रमांकाच्या जाड काचकागदाची चकती मंद गतीने फिरवून थर उतरवावा. थर फार जाड असल्यास उष्ण हवेच्या यंत्राने तो मऊ करून पात्याने खरवडता येतो. ज्योत मात्र वापरू नये. तिने पुट्टी जळून विषारी धूर निघतो आणि जेमतेम 0.7 ते 1 मिलिमीटर जाडीचा पत्रा वाकतो. छिन्नीच्या घावांनी पत्रा ताणला जातो. पोलाद दिसू लागताच चकती थांबवून तारेचा ब्रश घ्यावा, कारण चकती खड्ड्यातील गंज तसाच ठेवून भोवतालचे निरोगी पोलाद मात्र झिजविते. चहूबाजूंनी काही सेंटिमीटर निर्मळ धातू दिसेपर्यंत हे काम चालू ठेवावे.

त्यानंतर पत्र्यामागे दिवा धरून पाहावे. प्रकाशाचे ठिपके दिसले, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडणे हाच उपाय होय. ठिपके नसल्यास खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक अम्ल लावतात. त्यामुळे लोखंडाचे फॉस्फेट तयार होते. उरलेले अम्ल काढून पत्रा पूर्ण कोरडा करावा, अन्यथा वरील थर नीट धरत नाही. लगेच इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि गरज असेल तेथेच पुट्टीचा पातळ थर द्यावा. मागील बाजूचा चिखल काढून निचऱ्याची छिद्रे मोकळी न केल्यास हा सारा खटाटोप पुढच्या पावसाळ्यातच वाया जातो. साहजिकच अशा कामास दिवाळीनंतरचे कोरडे महिने उत्तम.

कारागिराच्या प्रकृतीचा प्रश्नही गौण नाही. घासताना उडणारी धूळ सूक्ष्म असते व ती फुप्फुसांत खोलवर जाते. जुन्या रंगात शिशाची संयुगे असू शकतात. शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांवर आणणारे 2016 चे नियम घरगुती व शोभेच्या रंगांपुरते आहेत. जुन्या वाहनांवरील रंगास त्यांचा आधार नाही. तोंडावर बांधलेला रुमाल ही धूळ अडवू शकत नाही. सूक्ष्म कणांचा मुखवटा, डोळ्यांस चष्मा आणि मोकळी जागा या किमान आवश्यकता होत.

1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षे चालते व पुढे नूतनीकरण करावे लागते. नेमक्या याच वयाच्या गाड्या पुट्टी व रंगाने सजवून तपासणीस किंवा विक्रीस येतात. दाराच्या कातड्यावरील पुट्टी फार तर कुरूप दिसेल. परंतु उंबरा, खांब किंवा चासीस जोडलेला भाग पुट्टीने भरलेला असेल, तर धडकेच्या वेळी तो भार पेलू शकत नाही. असे भाग उघडे करूनच त्यांची पाहणी झाली पाहिजे आणि त्यांची दुरुस्ती पोलादानेच व्हावयास हवी.