पाच बिऱ्हाडांचे एक कॅलेंडर

घराचे वेळापत्रक पूर्वी भिंतीवर खिळ्याला टांगलेले असे. आता ते खिशात आले आहे. आणि नवल असे की, ते एकाच्या खिशात नसून पाच गावच्या पाच बिऱ्हाडांच्या खिशांत एकाच वेळी असते. पुण्याच्या पुतण्याने नोंद केली की ती इंदुरात दिसते, वडोदऱ्यात दिसते आणि सातासमुद्रापलीकडे न्यूजर्सीतही दिसते. मोबाइलमधल्या या सोयीला 'शेअर्ड कॅलेंडर' म्हणतात. आपण तिला सामायिक दिनदर्शिका म्हणू. 'सामायिक' हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. सामायिक भिंत, सामायिक विहीर, सामायिक देवघर हे सर्व आपण पाहिले आहे, आणि सामायिक म्हटले की हक्काचा प्रश्न उभा राहतो हेही आपल्याला पक्के ठाऊक आहे.

इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांना या सोयीची गरज इतरांहून अधिक आहे. होळकरशाहीत चाकरीसाठी आलेल्या घराण्यांचे वाडे गेले, मुले नोकरीच्या मागे पांगली. पण महालक्ष्म्या, नवरात्र, बोडण, वाडवडिलांची श्राद्धे ही अजून एकाच घराची आहेत. ती लक्षात कोणी ठेवावयाची? आजवर हे काम घरातील एखादी वडीलधारी बाई बिनबोभाट करीत आली. आमच्या घरी ते थोरल्या वहिनींकडे आहे. त्यांची एक लाल कापडी बांधणीची वही आहे, आणि त्या वहीवर पाच बिऱ्हाडांचे वर्ष चालते. ही वही मोबाइलमध्ये उतरवावी, असे तरुण मंडळींनी ठरविले आणि त्यातूनच पुढचा सारा विचार निघाला.

पहिली अडचण तिथीची. मोबाइलला 'दरवर्षी' एवढे सांगितले की तो तारीख धरून बसतो. निरनिराळ्या यंत्रांतील कॅलेंडरांना एकमेकांची भाषा समजावी म्हणून १९९८ साली एक नियमावली तयार झाली, २००९ साली ती सुधारून निघाली. तिचा मूळ पाया इंग्रजी तारखेचाच आहे. इतर पंचांगांसाठी २०१५ साली तिला पुरवणी जोडली गेली खरी, परंतु आपण रोज वापरतो त्या साध्या कॅलेंडरात श्रावण वद्य चतुर्दशी आपोआप पुढील वर्षी सरकत नाही. देवी अहिल्याबाईंचेच उदाहरण घ्या. त्यांची जयंती ३१ मे. ती एकदा नोंदविली की कायमची झाली. पुण्यतिथी मात्र आपण इंदूरकर तिथीने पाळतो. त्यांचे देहावसान १३ ऑगस्ट १७९५ रोजी झाले. पण पालखी निघते ती तिथीला, आणि ती तारीख दरसाल वेगळी. गणेशचतुर्थीच पाहा. २०२५ साली ती २७ ऑगस्टला होती. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला. अठरा दिवसांचा फरक! तेव्हा तिथीच्या नोंदीला 'दरवर्षी' ही खूण कधीच लावू नये.

काही मोबाइलांत 'भारतीय शक' असा पर्याय दिसतो आणि भाबड्या माणसाला वाटते, आपले पंचांग सापडले. ते तसे नव्हे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारलेली ती राष्ट्रीय दिनदर्शिका. ती शुद्ध सौर आहे. तिच्यात चैत्र-वैशाख आहेत, पण शुद्ध-वद्य नाही आणि तिथीही नाही.

दुसरी अडचण खास आपल्या मुलखाची. आपला महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदी घराचा पौर्णिमेला. शुक्लपक्षात दोघांचे एकमत असते. वद्यपक्ष लागला की महिन्याचे नाव बदलते. अहिल्याबाईंची पुण्यतिथी आपण श्रावण वद्य चतुर्दशी म्हणतो, शेजारी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणतो, दिवस तोच. पितृपक्ष आपल्याला भाद्रपदात, त्यांना आश्विनात. तोंडी बोलण्यात याने कधी अडले नाही. लेखी नोंदीत मात्र अडते, आणि ते कसे हे आमच्या घराने अनुभवले.

आमच्या एका पुतण्याची पत्नी उज्जैनच्या हिंदी घरातली. सासरच्या रीतिभातींची तिला मनापासून हौस. वहीच्या छायाचित्रावरून सर्व तिथी कॅलेंडरात चढविण्याचे किचकट काम तिनेच अंगावर घेतले. वहीत वहिनींच्या सासूबाईंची तिथी होती, 'मार्गशीर्ष वद्य अष्टमी'. तिने माहेरच्या पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण अष्टमी शोधली आणि नोंद केली. ठरल्या दिवशी सर्वांचे फोन वाजले. पुण्याहून पुतण्या रजा काढून निघाला, गुरुजींना निरोप गेला. वहिनी स्वयंपाकघरात आल्या नि म्हणाल्या, "आज कालाष्टमी आहे, भैरवाची. सासूबाईंची तिथी पुढच्या महिन्यात. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काकू, कॅलेंडरमध्ये आहे ना," पुतण्या म्हणाला.

"मग मला कशाला विचारता?" वहिनी म्हणाल्या, आणि देवघरात निघून गेल्या.

चूक महिन्याभराची होती. ती दोन मिनिटांत दुरुस्त झाली. पण त्या एका वाक्याने खरा प्रश्न पुढे ठेवला. पाचही बिऱ्हाडांना त्या कॅलेंडरात लिहिण्याचा हक्क दिलेला होता. आणि जिच्या डोक्यातून ते सारे उतरविले होते, तिला ते कोणी दाखविलेसुद्धा नव्हते!

हक्काची व्यवस्था मोबाइलमध्ये असते, आणि ती जुन्या वाड्यासारखी आहे. २००६ साली निघालेल्या गूगल कॅलेंडरात चार पायऱ्या आहेत. पहिली ओसरीची: माणूस व्यस्त आहे की मोकळा एवढेच दिसते. दुसरी माजघराची: नोंदी सगळ्या वाचता येतात, हात लावता येत नाही. तिसरी कोठीघराची: नोंदी घालता-काढता येतात. चौथी किल्ल्यांच्या जुडग्याची: नवीन माणसाला आत घेण्याचा अधिकारही मिळतो. कॅलेंडर सामायिक करताना कोणाला कोणती पायरी, हे प्रत्येक नावापुढे निवडता येते. पुष्कळ घरांत प्रेमापोटी सरसकट सर्वांना कोठीघर दिले जाते. तसे करू नये. पाहण्याचा हक्क सर्वांना असावा. लिहिण्याचा दोघांना पुरे. आणि घरच्या तिथींसाठी एक वेगळेच कॅलेंडर काढावे. स्वतःच्या दवाखान्याच्या वेळा आणि आजेसासूबाईंचे श्राद्ध एकाच ठिकाणी ठेवले की दोन्हींचा विचका होतो.

ओसरीच्या पायरीवरून मने दुखावतात, हेही सांगितले पाहिजे. मुलाने आपले कॅलेंडर आईला दाखवावे आणि तीत दिवसभर नुसते 'व्यस्त, व्यस्त' दिसावे, याचे आईला वाईट वाटते. तिला वाटते, आपल्यापासून काही लपविले. पण कचेरीची कामे घरच्यांसही सांगता येत नाहीत, असे पूर्वीही होतेच. त्याने आपला मोकळा वेळ दाखविला, म्हणजे फोन करण्यास जागा करून दिली, असे मानावे.

आता बारीकसारीक, पण उपयोगाच्या गोष्टी. श्राद्धाची नोंद पूर्ण दिवसाची करावी, वेळ घालू नये. वेळ घातली की ती जगभर त्या त्या घड्याळाप्रमाणे बदलते. इंदुरातले सकाळचे अकरा हिवाळ्यात न्यूजर्सीत रात्रीचे साडेबारा होतात. पूर्ण दिवसाची नोंद सर्वत्र त्याच तारखेस राहते. परदेशी असलेल्यांनी मात्र तिथी तिथल्या सूर्याप्रमाणे पाहावी. कधी ती एक दिवस अलीकडे येते. श्राद्धाला अपराह्णव्यापिनी तिथी धरतात आणि चौकटीत छापलेली असते ती सूर्योदयाची, हा भेदही ध्यानात असू द्यावा. नोंदीच्या तळाशी महिन्याची दोन्ही नावे लिहावीत: आपला मार्गशीर्ष, हिंदी पौष. आणखी एक. गूगल कॅलेंडरात नोंद सामायिक असली तरी आठवणीची घंटा ज्याची त्याने आपापल्या मोबाइलमध्ये लावावयाची असते. "नोंद होती, पण फोन वाजलाच नाही" ही तक्रार बहुधा इथून निघते.

शेवटचा मुद्दा वारसाचा. वही माणसामागे कपाटात उरते. कॅलेंडर एका खात्याचे असते आणि खाते एका माणसाचे. दोन वर्षे वापर नसलेली वैयक्तिक खाती काढून टाकता येतील, असा नियम गूगलने २०२३ साली जाहीर केला. कर्ता माणूस गेला, परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नाही, अशा स्थितीत पाच बिऱ्हाडांच्या तिथी हळूहळू अंधारात जातील. यावर उपाय आहेत. आपला वापर थांबल्यास आपली माहिती कोणा आप्ताकडे जावी, हे आधीच नमूद करण्याची सोय २०१३ पासून आहे. दुसऱ्या एका माणसाला हयातीतच किल्ल्यांचे जुडगे द्यावे. आणि वर्षातून एकदा संगणकावर साऱ्या नोंदींची प्रत उतरवून घ्यावी, शिवाय कागदावरही.

आमच्या घरी आता पाडव्याला बैठक बसते. नवे पंचांग वहिनींच्या मांडीवर. त्या तिथी वाचतात, आणि उज्जैनची सूनबाई तारीख घालते. लिहिण्याचा हक्क तिचा आणि माझ्या नातीचा, बाकी सर्वांना पाहण्याचा. ज्या सुनेच्या हातून महिना चुकला, तिलाच किल्ल्या द्याव्या, हे वहिनींनीच सुचविले. "तिला आता दोन्हीकडचे महिने कळतात," एवढेच त्या म्हणाल्या.

यंत्र आठवण करून देते. आठवण धरून ठेवणारे माणूस मात्र घरात असावे लागते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी एखादी लाल वही असेल, त्यांनी तिचे छायाचित्र काढून थांबू नये. वही जिची आहे तिच्याशेजारी बसून, पंचांग उघडून, एकेक तिथी विचारून घ्यावी. पुष्कळशा नोंदींमागे वहीत न लिहिलेले असे काहीतरी असते, आणि ते विचारल्यावाचून कोणी सांगत नाही.