पात्रतेचा संशय आणि खान्देशातील एक वही

परीक्षेत उत्तम गुण मिळवणाऱ्या, स्पर्धेतून जागा पटकावणाऱ्या किंवा वरिष्ठांकडून वारंवार शाबासकी घेणाऱ्या माणसालाही आपण या जागेला पात्र नाही, हे यश नशिबाने किंवा कोणाच्या तरी मेहेरबानीने पदरात पडले आहे आणि एक ना एक दिवस आपले पितळ उघडे पडेल असे सतत वाटत राहते, तेव्हा त्या मनोवस्थेला ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हटले जाते. अमेरिकेतील पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवर आधारलेल्या निबंधात तिचे पहिले वर्णन केले. त्यांनी तिला आजार मानले नव्हते, आणि मानसिक विकारांच्या अधिकृत वर्गीकरणांत आजही तिला स्थान नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेत पुढे आलेल्या तोतयाला आपण भाऊ नाही हे ठाऊक असणारच. येथे मात्र खराच माणूस स्वतःला तोतया समजतो आणि पकडले जाण्याच्या धास्तीत वावरतो.

क्लान्स यांनी या धास्तीचे एक चक्र दाखवले आहे. नवे काम अंगावर येताच अशी व्यक्ती एक तर गरजेच्या कितीतरी पट तयारी करते, किंवा भीतीपोटी काम टाळत राहून शेवटच्या क्षणी घाईघाईने उरकते. काम फत्ते झाले की पहिल्या प्रकारात ‘एवढे राबलो म्हणून जमले, अंगात काही नाही’ असा निष्कर्ष निघतो, तर दुसऱ्यात ‘या खेपेला नशिबाने निभावले’ असा. दोन्ही वाटांनी यशाचे श्रेय स्वतःपर्यंत पोहोचत नाही, अपयश मात्र पुरतेपणी स्वतःच्या खात्यावर मांडले जाते. म्हणूनच यश वाढले तरी हा संशय फिटत नाही. त्याचे प्रमाण किती, याविषयी सावधगिरी बरी. २०२० मध्ये ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा कोणती प्रश्नावली आणि कोणती मर्यादारेषा वापरली यानुसार हे प्रमाण ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत बदलत असल्याचे दिसले. मोजपट्टी इतकी लवचीक असेल, तर ही भावना कोणत्या परिस्थितीत उगवते हे पाहणे आकड्यांपेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

त्या दृष्टीने जळगावच्या चौधरी कुटुंबातील एका वहीचा इतिहास विचारात घेण्याजोगा आहे. जळगावजवळच्या आसोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना, घरकाम करताना त्या आपल्या बोलीत ओव्या रचत आणि गात. स्वतः कवी असलेले त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी त्यांपैकी काही वेळोवेळी टिपून ठेवल्या. ज्या टिपल्या गेल्या नाहीत त्यांतल्या अनेक कायमच्या हरवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले, तोवर या रचना पुस्तकरूपाने आल्या नव्हत्या. पुढे सोपानदेवांनी काहीशा संकोचाने ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी हे बावनकशी सोने असल्याचा निर्वाळा दिला, आणि १९५२ मध्ये त्यांच्याच प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली.

संशय येथे नेमका कोणाच्या मनात होता, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. गाणारीने कवयित्रीपदावर कधी हक्क सांगितला नव्हता, त्यामुळे ते पद खोटे ठरण्याची भीतीही तिच्याजवळ फिरकण्याचे कारण नव्हते. संकोच वाटला तो छापील कवितेचे संकेत, प्रमाण भाषेची प्रतिष्ठा आणि पुण्या-मुंबईच्या रसिकांची अपेक्षा या साऱ्यांची ओळख असलेल्या शिकलेल्या मुलाला. हा संकोच स्वतःविषयी नसल्यामुळे त्याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणणे चुकीचे ठरेल. तरीही पात्रतेविषयीचा संशय गुणांच्या अभावातून येतोच असे नाही, पुष्कळदा तो परक्या मापाच्या ओळखीतून येतो, हे या प्रसंगावरून लख्ख दिसते. गुण तेच होते. ते मोजण्याचा अधिकार ज्याच्याकडे असल्याचे मानले जात होते, त्याने ते ओळखले एवढाच फरक पडला.

तेच माप आजही खान्देशातील विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून नोंदली गेली असून तिच्या भाषकांची संख्या अठरा लाखांहून अधिक आहे. त्यांत मोठा वाटा अहिराणी बोलणाऱ्यांचा आहे. साक्री किंवा शिरपूर तालुक्यातील मुलगा घरात अहिराणी बोलतो, यावल-रावेरकडील मुलगी लेवा बोली बोलते, दोघेही शाळेत प्रमाण मराठी शिकतात आणि पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात पोहोचताच इंग्रजीसमोर उभे राहतात. उच्चारावर एकदा कोणी हसले की पुढे येत असलेले उत्तरही ओठांवर येत नाही, आणि वर्गातले हे मौन लवकरच ‘आपण इथले नव्हेत’ या खात्रीत बदलते. घराण्यातून प्रथमच महाविद्यालयात गेलेल्याला, ‘सुरुवातीला सगळ्यांनाच असे वाटते’ हे सांगणारे घरी कोणी नसते. आरक्षणातून प्रवेश घेतलेल्यांना तर हा संशय मनात शोधावाही लागत नाही. तो सहाध्यायांच्या टोमण्यांतून आयता मिळतो. रुचिका तुळशियान आणि जोडी-अ‍ॅन बरी यांनी २०२१ मध्ये घेतलेला आक्षेप येथे नेमका लागू पडतो: ज्या वातावरणात माणसाला उपरे ठरवले जाते, ते वातावरण तसेच ठेवून त्याच्याच मनावर उपचार सुचवणे म्हणजे दोष चुकीच्या जागी ठेवणे होय.

अशा विद्यार्थ्यांपुढे सहसा यशोगाथा ठेवल्या जातात. साक्री तालुक्यातील सामोडे येथील भिल्ल कुटुंबात वाढून आधी डॉक्टर आणि नंतर सनदी अधिकारी झालेले डॉ. राजेंद्र भारूड यांचे उदाहरण धुळे-नंदुरबारमध्ये सर्वपरिचित आहे. अशा उदाहरणांनी वाट दिसते हे खरे, पण संशयग्रस्त मन ‘ते वेगळेच होते’ असे म्हणून त्यांनाही सहज बाजूला सारते. ‘आत्मविश्वास ठेवा’ हा उपदेश त्याहूनही निरुपयोगी, कारण मागणी त्याच वस्तूची असते जी जवळ नाही. अधिक परिणामकारक वाट ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसते. नव्या विद्यार्थ्यांना, वरच्या वर्गातील मुलांनाही आरंभी परकेपणा वाटला होता आणि तो हळूहळू ओसरला, असे अनुभव वाचायला देऊन त्यावर लिहायला सांगितले गेले. जेमतेम तासाभराच्या या कामानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढील तीन वर्षे सुधारत गेले. येथे परकेपणा नाकारला गेला नाही, तर तो नालायकीचा पुरावा नसून प्रवेशाचा नेहमीचा टप्पा आहे असा त्याचा अर्थ बदलला गेला.

व्यक्तीच्या पातळीवरही काम याच दिशेने होऊ शकते. काय जमले, कोणत्या श्रमाने जमले आणि कोणी नेमके काय म्हटले याची लेखी नोंद ठेवल्यास, संशयाच्या घटकेला स्मरणशक्तीच्या पक्षपातावर अवलंबून राहावे लागत नाही. तसेच इंग्रजी अडखळणे ही शिकता येणाऱ्या कौशल्यातील उणीव आहे, बुद्धीतील नव्हे, असा भेद स्वतःशी स्पष्ट करता येतो. शिक्षकांनी आणि वरिष्ठांनीही मोघम ‘छान’ न म्हणता कोणती गोष्ट, का चांगली आहे हे सांगावे. मोघम कौतुक सौजन्य म्हणून झटकता येते, नेमके कौतुक झटकणे अवघड जाते. २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठाला आणि त्याच्या महाविद्यालयांना पहिल्याच सत्रात वरच्या वर्गातील अहिराणी, लेवा, पावरी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांकडून नवागतांशी आरंभीच्या परकेपणाविषयी बोलणे घडवून आणणे फारसे खर्चाचे नाही. संशयाबरोबर झोप उडणे, सततची उदासी किंवा जीव नकोसा वाटणे सुरू झाले, तर मात्र तो केवळ पात्रतेचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, किंवा केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर फोन करावा, जिथे मराठीतूनही बोलता येते.