साडेबारा ते साडेसहा

आमच्या घराला कुलूप एक, पण किल्ल्या तीन. एक माझ्या खिशात, दुसरी हिच्या पर्समध्ये आणि तिसरी चिरंजीवांच्या दप्तरात, नाडीला बांधलेली. चिरंजीव सातवीत आहेत. शाळा सकाळची. साडेबाराला ती सुटते, स्वारी घरी येऊन कुलूप उघडते, ओट्यावर झाकून ठेवलेले जेवण जेवते (निदान ताट तरी खरकटे करते) आणि मग घरात मोठे माणूस येते ते साडेसहाला. मी कॉलेजात मराठी शिकवतो, ही बँकेत नोकरी करते. पुण्यातल्या, आणि पुण्यातल्याच कशाला, मुंबई-नाशिक-नागपूरच्याही कितीतरी घरांत आज हीच व्यवस्था आहे. तेव्हा यात आमचे काही विशेष आहे, अशातला भाग नाही.

पण एकदा सहज हिशेब मांडला आणि दचकलो. शिक्षण हक्काच्या २००९ सालच्या कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाचे किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवण्याचे ठरवून दिले आहेत. म्हणजे दिवसाला साधारण साडेचार तास. आणि आमची साडेबारा ते साडेसहा ही वेळ? रोजचे सहा तास! शाळेचे २२० दिवसच धरले तरी १३२० तास होतात. जी शाळा निवडताना आम्ही उभयतांनी दहा ठिकाणी खेटे घातले, तिच्याहून मोठी शाळा आमच्या मुलासाठी रोज दुपारी भरत होती; आणि तिथले गुरुजी कोण, याची आम्हाला दाद नव्हती!

अकरा ते तेरा हे वय मोठे अडनिडे. पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असा कायदा २०१७ साली झाला. पण ती सोय तान्ह्या आणि चिमुकल्या मुलांसाठी. सातवीतल्या मुलाला पाळणाघर म्हणा, की त्याचा पाणउतारा होतो. एकट्याला परगावी पाठवा म्हणा, की आईचा जीव खालीवर होतो. लहानांत घ्यायला तो मोठा, आणि मोठ्यांत घ्यायला लहान.

पूर्वी असे नव्हते, हे वाक्य लिहिण्याचा मोह मलाही होतो. मी वाड्यात वाढलो. दुपारभर आम्ही कुठे आहोत, हे आमच्याही आयांना ठाऊक नसे. नियम एकच : तिन्हीसांजेला, दिवेलागणीच्या आत, घरात. ‘शुभंकरोती’ला डोकी मोजली जात. त्याआधी कोणी १९२४ सालापासून चाललेल्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर, कोणी सेवादलात, कोणी संघावर. १९८५ साली सारसबागेजवळ गरवारे बालभवन सुरू झाले, तेव्हा तर आमच्यातल्या काहींची चंगळच झाली. पण म्हणून आम्ही गुणी होतो, असे मुळीच नाही. घरी न सांगता कालव्यावर पोहायला जाणारे आम्हीच, आणि शेजारच्या वाड्यातल्या कैऱ्या लांबवणारेही आम्हीच. फरक होता तो इतकाच, की आमचे पाप आमच्याआधी घरी पोचत असे. जिन्यात बसून तांदूळ निवडणाऱ्या काकू, ओसरीवरचे आजोबा, वाण्याच्या दुकानातला नोकर यांपैकी कोणाच्या ना कोणाच्या ते नजरेला पडे. आम्ही त्यांना चहाडखोर म्हणत असू. त्या चहाडखोरांनी आम्हाला किती वेळा वाचवले, हे मला गेल्या दिवाळीपर्यंत कळले नव्हते.

गेल्या वर्षी दिवाळी तोंडावर आली होती. आमच्या सोसायटीत त्यापूर्वी महिनाभर मुलांविरुद्ध तक्रारींचा पाऊस पडत होता. भर दुपारी लिफ्ट वरखाली करतात, बेल वाजवून पळतात, पार्किंगमध्ये चेंडू खेळतात, गच्चीवर जाऊन मोबाईलवर कुजबुजत काहीतरी पाहतात, इत्यादी. कमिटीने ठराव केला. गच्चीला कुलूप, पार्किंगमध्ये खेळायला बंदी, आणि ‘कुंड्यांतील माती कोणीही घेऊ नये’. मी कमिटीचा सभासद. शिवाय मराठीचा प्राध्यापक! साहजिकच सूचनाफलकाचा मजकूर माझ्याकडे आला. मी तो लिहिला. शुद्धलेखनाची एकही चूक त्यात नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले होते. मी पेपर तपासत बसलो होतो. चिरंजीव अंथरुणातून उठून दारात येऊन उभे राहिले.

“बाबा, धनुर्वात झाला तर किती दिवसांनी कळतं?”

“धड्यात आहे का?” मी वर न बघताच विचारले.

उत्तर आले नाही. वर पाहिले तर पोराचे ओठ थरथरत होते.

मग हळूहळू सारे बाहेर आले. दिवाळीचा किल्ला करायचा होता. आवारात माती घ्यायची नाही, पार्किंगमध्ये बसायचे नाही. म्हणून चौघे पोरे मागच्या अर्धवट बांधकामावर विटा आणि माती आणायला गेली होती. तिथे समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाच्या तळव्यात फळीचा गंजका खिळा घुसला. पोरांनी तो उपसला, आमच्या घरी येऊन पाय धुतला, आमच्याच डब्यातली हळद दाबली आणि रुमाल बांधला. फरशीवरचे रक्त पुसले. फडके कचऱ्यात टाकले. आणि कोणाला सांगायचे नाही अशी चौघांनी शपथ घेतली, कारण बांधकामावर जायला बंदी होती. याला तीन दिवस झाले होते. आता त्या मुलाचा पाय सुजला होता, अंगात कणकण होती, आणि ‘शाळेत मुरगळला’ असे त्याने आईला सांगितले होते.

मी तसाच उठून समोरचे दार ठोठावले. डॉक्टरांनी जखम उघडून साफ केली, इंजेक्शन दिले, औषधे लिहून दिली. पू झाला होता. “अशी जखम झाली की त्याच दिवशी आणत जा हो,” एवढेच ते म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पण मला मान वर करवेना. आठ दिवसांनी तो मुलगा पूर्ववत चालू लागला. आमचे नशीब बलवत्तर, दुसरे काय!

त्या तीन दिवसांत मी रोज दुपारी दोन वाजता कॉलेजातून घरी फोन केला होता. माझे तीन प्रश्न ठरलेले : जेवलास का? गृहपाठ झाला का? मोबाईल किती वेळ पाहिलास? तिन्ही दिवस त्याने तिन्ही प्रश्नांची खरी उत्तरे दिली होती. मुलगा खोटे बोलला नव्हता. माझे प्रश्नच असे होते, की त्यांच्या फटीतून एक गंजका खिळा सहज निसटून जावा.

दुसऱ्या दिवशी कमिटीची तातडीची बैठक झाली. कोणी म्हणाले, कॅमेरे बसवा. कोणी म्हणाले, दुपारचा आणखी एक वॉचमन नेमा. कोणी म्हणाले, सरळ दोन-दोन क्लासेस लावा, म्हणजे हुंदडायला वेळच उरणार नाही. मी मात्र माझा फलक उतरवावा, अशी सूचना मांडली. वादावादी बरीच झाली. पण पायाला पट्टी बांधलेला मुलगा दाराशी उभा होता, त्यामुळे सूचना मंजूर झाली.

पुढे आम्ही केले ते फार थोडे, आणि त्यात आमची कसलीही थोरवी नाही. चार घरांनी वार वाटून घेतले. आपापल्या वारी ज्याला जमेल त्याने चारपर्यंत घरी यायचे आणि दार उघडे ठेवायचे. पाचव्या दिवसाचा प्रश्न पहिल्या मजल्यावरच्या आजींनी सोडवला. “माझं दार उघडंच असतं, तुम्हीच कोणी येत नाही,” असे सुनावून! मुलांच्या मागे मागे फिरायचे नाही. काय केले, याची रोज उलटतपासणी घ्यायची नाही. मात्र एक करार : कोणाला लागले, कोणी भीती घातली, मोबाईलवर कोणी भलतेसलते पाठवले, तर ते पहिल्या पाच मिनिटांत जवळच्या उघड्या दारी सांगायचे, आणि सांगितल्यावर मोठ्यांनी रागवायचे नाही.

कराराचा हा दुसरा भाग पाळणे सोपे नाही, हे अनुभवाने सांगतो. उन्हाळ्यात चिरंजीवांनी आमच्याच खिडकीची काच फोडली आणि ठरल्याप्रमाणे पाच मिनिटांत फोनवर सांगितली. मी गरजलो. पलीकडून शांतपणे विचारणा झाली, “बाबा, म्हणजे पुढच्या वेळी सांगायचं नाही का?” मी फोनवरच माफी मागितली. वर्गात साठ मुलांपुढे बोलणे त्यापेक्षा बरेच सोपे असते.

मुलांना सहा तासांची मोकळीक मिळाली की ती बिघडतात, असे मला आता वाटत नाही. आपल्या किल्ल्याचेच पाहा ना! दगड-विटा रचणे, पोत्यावर चिखल लिंपणे, अळीव पेरणे, महाराजांना सिंहासनावर बसवणे आणि मावळ्यांच्या जागांवरून भांडणे, यातले काहीही कोणी मास्तर शिकवत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते मुलांकडूनच उचलले आहे. मोकळ्या वेळाची भीती नाही. भीती आहे ती त्या वेळात घडलेले सांगायला जागा नसण्याची.

यंदा किल्ल्यासाठी पार्किंगचा कोपरा कमिटीने रीतसर दिला आहे. मातीची गाडीही मागवली. परवा साडेसहाला घरी येताना पाहिले, रायगड जवळजवळ पुरा झाला होता. कड्यावर डोईवर मडके घेतलेली मातीची एक बाई चिकटवली होती. ओळखलीच मी : हिरकणी. दूध घालायला गडावर गेलेली, दरवाजे बंद झाले म्हणून घरी एकट्या राहिलेल्या बाळासाठी रात्री कडा उतरलेली. आख्यायिका महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही?

“छान झालीय रे हिरकणी,” मी म्हणालो.

चिखलाचे हात तसेच ठेवून चिरंजीव म्हणाले, “कामावरून घरी चाललीय ती. उशीरच होतो तिला. पण पोचते.”