पाहुणा, यात्रेकरू आणि गिऱ्हाईक

परमुलखातून आलेल्या माणसाला मराठीत किती नावे आहेत पाहा. वाटसरू, पांथस्थ, यात्रेकरू, पाहुणा, परका, उपरा. आणि आता सरकारी फलकावरचा 'पर्यटक'. ही नावे येणारा स्वतःला घेत नाही. ज्याच्या दारावरून तो जातो, तो गावकरी ती त्याला देतो, आणि नाव एकदा पडले की वागणूकही त्या नावाबरहुकूम मिळते. पाहुण्याला पाणी मिळते, गिऱ्हाइकाला भाव सांगितला जातो, आणि उपऱ्याला 'कुठला रे तू?' असे विचारले जाते.

आपल्या भाषेत प्रवासवर्णनांची वाण नाही. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे'पासून पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई', 'पूर्वरंग'पर्यंत आपण आवडीने वाचत आलो. पण ही सारी पुस्तके प्रवाशाच्या डोळ्यांनी लिहिलेली आहेत. ज्याच्या गावात प्रवासी उतरला, त्याला हा प्राणी कसा दिसला, ही बाजू बहुधा कोरीच राहते. आपल्या हिंगोली जिल्ह्यात परदेशी प्रवाशांचे थवे येत नाहीत हे खरे. तरीही ह्या प्रश्नाचा अभ्यास करावयास आपल्याइतकी चांगली जागा नाही, असे माझे मत आहे. कारण आपल्याकडे औंढा नागनाथ आहे आणि नर्सी आहे.

औंढ्याच्या देवळाची कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेव तेथे गेले, कीर्तनाला उभे राहिले, आणि पुजाऱ्यांनी त्यांना 'इथे वाट अडवू नका, मागे जाऊन गा' असे सांगितले. नामदेव मागे गेले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. नंदी म्हणून आजही देवळाच्या मागे आहे, असे सांगतात. ही कथा आपण भक्तीचा महिमा म्हणून ऐकतो. मला मात्र ती बाहेरून आलेल्या माणसाची कथा वाटते. स्थानिकांनी त्याच्याकडे पाहिले आणि त्यांना दिसली ती फक्त अडचण. तो कोण, कशासाठी आला, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. विशेष म्हणजे ही कथा आपल्यापुरती राहिली नाही. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, त्यांत देऊळ फिरल्याचा हा प्रसंग आलेला आहे. पंजाबातल्या एखाद्या खेड्यातील म्हातारीला हिंगोली कोठे आहे हे ठाऊक नसेल, पण नामदेवासाठी देऊळ फिरले हे ठाऊक असते.

औंढ्याला देवळाजवळ माझ्या मावशीचे बेल-फूल-नारळाचे दुकान आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला मी तेथे गल्ल्यावर बसते, त्यामुळे ह्या विषयाचे माझे शिक्षण पुस्तकांपेक्षा त्या पाटावर अधिक झाले. मावशी तिसरी शिकलेली आहे, पण तिला नारळ पाच भाषांत विकता येतो. तेलंगणातून आलेल्या बाईला ती 'कोब्बरीकाया अम्मा' म्हणते, गुजरात्यांना 'आवो बेन', शिखांना 'आओ जी'. माणूस गाडीतून उतरण्याआधीच तो कोण हे ती ओळखते. पाटीवरचा क्रमांक ती पाहतच नाही, चपला काढण्याची रीत पाहते. दुकानासमोर चपला नीट जोडून ठेवतो तो यात्रेकरू. पायानेच भिरकावतो तो, तिच्या शब्दांत, 'फिरायला आलेला'.

ह्या दोघांशी तिचे वागणे सारखे नसते. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते. ती औंढ्यात आली की मावशीच्या दुकानात दिवसभर चहाचे पातेले उतरत नाही आणि एका पैचाही हिशेब होत नाही. त्याच मावशीकडे दुसऱ्या दिवशी मोटारीतून आलेले कुटुंब चपला ठेवू लागले, तर ती आधी विचारते, 'नारळ घेणार ना?' मी एकदा तिला ह्या दुजाभावाबद्दल छेडले. ती म्हणाली, 'त्ये चालत आलेत. ह्ये बघाया आलेत.' एवढ्यावर तिने विषय संपवला.

बघायला आलेल्यांचे दोन प्रश्न तिला फार लागतात. पहिला, 'यहाँ देखने लायक क्या है?' ह्यावर तिचे ठरलेले उत्तर, 'देव आहे की!' दुसरा तर प्रश्नही नसतो. कोणीतरी न विचारता मोबाईल समोर धरतो आणि हार ओवणाऱ्या तिच्या हातांचे छायाचित्र काढून निघून जातो. 'मला इचारलं का? मी काय कोरलेली मूर्ती हाय का?' असे ती त्यानंतर तासभर पुटपुटत असते. हार विकत घेऊन, दोन शब्द बोलून कोणी छायाचित्र मागितले, तर हीच बाई डोक्यावरचा पदर सारखा करून बसते. तेव्हा तिचा राग छायाचित्रावर नाही. आपल्याला वगळून आपल्याकडे पाहिले गेले, ह्यावर आहे.

पर्यटनाच्या अभ्यासात जॉर्ज डॉक्सी ह्या संशोधकाचे नाव वारंवार येते. बार्बाडोस बेट आणि कॅनडातील नायगरा-ऑन-द-लेक हे गाव ह्यांच्या निरीक्षणावरून त्याने १९७५ मध्ये एक चढती भाजणी मांडली. प्रवासी येऊ लागतात तेव्हा स्थानिकांना आधी हर्ष होतो. मग सवय होऊन उदासीनता येते. गर्दी वाढली की चीड येते. शेवटी उघड वैर. युरोपात आज ह्या शेवटच्या पायरीची उदाहरणे दिसतात. जुलै २०२४ मध्ये स्पेनमधील बार्सिलोना शहरात हजारो रहिवाशांनी मोर्चा काढला, आणि उपाहारगृहांबाहेर बसलेल्या प्रवाशांवर त्यांतील काहींनी मुलांच्या खेळातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. कारण विनोदी नव्हते. घरमालक घरे रहिवाशांना न देता प्रवाशांना रोजाने देऊ लागले, भाडी वाढली, आणि जन्माने तेथला असलेला माणूस शहराबाहेर फेकला गेला. त्याच वर्षीच्या २५ एप्रिलपासून व्हेनिसने गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करणाऱ्या पाहुण्याकडून पाच युरो प्रवेशशुल्क घ्यावयास सुरुवात केली. गावात शिरण्याचे तिकीट! आपल्या जत्रांना पूर्वी यात्राकर असे, पण तो देवाच्या नावाने तरी घेत.

डॉक्सीची भाजणी समजावयास सोपी आहे, पण मला ती अपुरी वाटते. गर्दीनेच वैर येत असेल, तर औंढ्याला ते केव्हाच यावयास हवे होते. आषाढी आटोपून वारकरी परततात तेव्हा नर्सीला परतवारीच्या एकादशीला जी गर्दी लोटते, तिच्यापुढे ते चिमुकले गाव दिसेनासे होते. त्या दिवशी गावकऱ्याला स्वतःच्या दारात उभे राहावयास जागा नसते. कुरकुर होते, चिखल होतो, भांडणेही होतात. परंतु पिचकारी घेऊन कोणी उभे राहत नाही. पैसा मिळतो म्हणून हे सारे सोसतात म्हणावे, तर बार्सिलोनालाही पैसा मिळतोच, आणि आपल्यापेक्षा कितीतरी अधिक.

फरक मला असा दिसतो. नर्सीला येणारा आणि नर्सीचा राहणारा, दोघे मिळून तिसऱ्याच कोणाकडे तरी पाहत असतात. ते पाहणे दोघांच्या सामाईक मालकीचे असते. त्यामुळे पाहुण्याला गावात जागा मिळते आणि गावकऱ्याला पाहुण्यात. बघण्यासाठी आलेला प्रवासी मात्र थेट गावकऱ्याकडेच पाहतो. त्याचे घर, त्याचे कपडे, त्याचे दारिद्र्य पाहतो. मधे तिसरे काही नसते. मग दोघांत उरतो तो भाव, घासाघीस आणि तिकीट.

ह्याचा पडताळा २०१५ मध्ये आला. त्या वर्षी ३ ते ५ एप्रिलला ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे भरले. अध्यक्ष होते डॉ. सदानंद मोरे. ज्या गावात मराठी बोलणारे घर नाही, तेथे मराठीचे संमेलन, ह्यावर तेव्हा बरीच थट्टा झाली. घुमान हे नामदेवांच्या पंजाबातील वास्तव्याचे ठिकाण. तेथे त्यांचे स्मारक गुरुद्वाऱ्याच्या रूपाने उभे आहे. महाराष्ट्रातून विशेष रेल्वेगाड्या गेल्या. आमच्या ओळखीचे नर्सीकडचे एक वारकरी काका त्या गर्दीत होते. त्यांना हिंदीदेखील धड येत नाही. ते सांगतात की, 'नर्सी' एवढा एकच शब्द त्यांनी उच्चारला आणि एका वृद्ध सरदारजींनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. काका शेतमजूर आहेत. पाया पडून घेण्याची त्यांना सवय नाही. लंगरात त्यांच्या ताटात इतक्या पोळ्या पडल्या, की शेवटी त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. परमुलूख, परभाषा, परधर्म. तरी ते तेथे पाहुणेही नव्हते, माहेरची माणसे होते. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे शीख बांधव नर्सीला वळतात, तेव्हा आपली पोरे 'सत श्री अकाल' म्हणत त्यांच्या गाडीमागे धावतात, ती ह्याच नात्याची दुसरी बाजू होय.

पण ह्याच काकांचे दोन मुलगे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. टोळीबरोबर, उचल घेऊन, चार-सहा महिने. तेही परगावीच जातात, आणि मुक्काम तर कोणत्याही पर्यटकापेक्षा लांब. भाषा मराठी, देव तेच, वारीही तीच. तरीसुद्धा त्यांच्या कोप्या गावाबाहेर पडतात. पिण्याचे पाणी भरण्यावरून बोलणी खावी लागतात. गावात काही चोरीला गेले की पहिला संशय 'टोळीवाल्यां'वर येतो. धाकट्याने मला सांगितले, 'सहा महिने राहिलो, पण गावातल्या कुणाला माझं नाव ठावं नव्हतं.' तेव्हा माझ्या वरच्या सिद्धान्ताला येथे खिंडार पडते, हे मान्य केले पाहिजे. सामाईक देव असूनही नाते जुळले नाही, कारण हा परका खर्च करावयास आलेला नाही, कमावावयास आलेला आहे. श्रम करणाऱ्या परक्याला कोणत्याही भाषेत पाहुणा म्हणत नाहीत. युरोपातही दोन्ही रांगा वेगळ्या आहेत. प्रवाशावर पाणी उडवणे ही बातमी होते, आणि मजुरी शोधत आलेल्याचे काय होते ते रोजचेच म्हणून कोणी लिहीत नाही.

भावाचा मुद्दाही ओघाने येतो. परदेशात आपल्याकडून जास्त पैसे घेतले म्हणून आपण चिडतो. थायलंडमध्ये काही ठिकाणी स्थानिकांचा दर थाई अंकांत लिहिलेला असतो, म्हणजे परक्याला तो वाचताच येऊ नये. ही लबाडी खरीच. पण आपल्या वेरूळ-अजिंठ्याच्या खिडकीवर २०१८ च्या दरपत्रकाने भारतीयांना चाळीस रुपये आणि परदेशीयांना सहाशे रुपये लावले, तेही दोघांना वाचता येईल अशा अंकांत. कर भरणाऱ्या नागरिकाला सवलत, हे त्यामागचे तर्कशास्त्र मला मान्य आहे. मात्र ते एकदा मान्य केले, की बाहेर गेल्यावर त्याच तर्काने आपल्याला लागलेले तिकीट मुकाट्याने काढावे लागते.

आता एका प्रवासिनीचे उदाहरण देते. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघण्यापूर्वी पती गोपाळरावांबरोबर बंगालमध्ये राहत होत्या. नवऱ्याबरोबर उघड्या तोंडाने पायी चालणाऱ्या ह्या मराठी मुलीकडे कलकत्त्याच्या रस्त्यावर लोक टक लावून पाहत, शेरे मारीत. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेल्या इंग्रजी भाषणात त्यांनी हे स्पष्ट सांगितले आहे. आपल्याच देशात ही गत. त्याच वर्षी जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. लुगडे नेसणारी, मांस न खाणारी, अठरा वर्षांची ही मुलगी तेथेही कुतूहलाचाच विषय होती. शेजारीपाजारी पाहावयास येत. पण थिओडोशिया कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार आधीपासून होता. घरात पाऊल ठेवण्यापूर्वी दोघींना एकमेकींची नावे, दुखणी आणि इच्छा ठाऊक होत्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

मार्च १८८६ मध्ये त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पौकिप्सी येथे कार्पेंटर मंडळींच्या कौटुंबिक दफनभूमीत, त्या घरातील माणसांच्या शेजारी, त्या पुरलेल्या आहेत.